फुगवट्याला वळसा

आपलं हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि त्याच्या पोकळीतून सतत रक्त वाहत असतं. तरीही त्या रक्तातून हृदयाच्या जाड स्नायूला आतून पुरेसा पुरवठा होत नाही. त्याला आपला वाटा बाहेरूनच घ्यावा लागतो. महाधमनी हृदयातून बाहेर पडते तिथेच, अगदी मुळाशी, तिला दोन फांद्या फुटतात. त्या हृदयाच्या पृष्ठभागावरून पसरत जातात आणि तिथून स्नायूत उतरतात. या करोनरी धमन्या. प्रौढ माणसात त्यांची रुंदी साधारण तीन ते चार मिलिमीटर असते. विश्रांतीच्या वेळी शरीरभर फिरणाऱ्या रक्तापैकी जेमतेम पाच टक्के रक्त त्यांच्या वाट्याला येतं, आणि सगळा माणूस त्या पाच टक्क्यांवर उभा असतो.

या धमन्या बुजतात, हे आता घरोघरी माहीत आहे. त्या फुगतातही, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. तीन मिलिमीटरची धमनी एखाद्या ठिकाणी नऊ मिलिमीटर रुंद झाली, तर रक्ताला वाट मोठी झाली, म्हणजे बरंच झालं, असं वाटेल. पण साधा हिशेब करून पाहा. रुंदी तिप्पट झाली की आतलं क्षेत्रफळ नऊपट होतं. येणारं रक्त तेवढंच, म्हणून वेग एक नवमांशावर येतो. धावत आलेलं रक्त त्या फुगवट्यात रेंगाळतं, कडेकडेने भोवरे धरतं. रेंगाळलेलं रक्त साकळतं, त्याची गुठळी होते. ती तिथेच धमनी बंद करते, किंवा तिचा तुकडा सुटून पुढच्या बारीक फांदीत अडकतो. हार्ट अटॅक येतो तो इथून.

शरीरातल्या इतर फुगलेल्या धमन्यांची, पोटातल्या महाधमनीची किंवा मेंदूतल्या रक्तवाहिनीची, मुख्य भीती असते ती फुटण्याची. भिंतीवरचा ताण हा दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराने वाढतो. नळी जितकी फुगेल तितका ताण जास्त, आणि ताण जितका जास्त तितकी ती आणखी फुगणार. करोनरी धमनीलाही हा नियम चुकलेला नाही. तरी ती क्वचितच फुटते. तिथे जीव जातो तो बहुधा साकळलेल्या रक्ताने. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की या आजारावरच्या शस्त्रक्रियेचा सगळा विचार उलगडतो: सर्जनचं पहिलं काम फुगा कापून फेकण्याचं नसतं, रक्त पुन्हा वाहतं करण्याचं असतं.

शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपट किंवा त्याहून जास्त रुंदी झाली की डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. इटलीतल्या मोर्गान्यीने १७६१ साली अशा फुगवट्याचं वर्णन केलं, ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. जिवंत माणसाच्या छातीत तो दिसायला अँजिओग्राफीची वाट पाहावी लागली. आज अँजिओग्राफी झालेल्या शंभर रुग्णांमागे मोजक्याच जणांत तो सापडतो, आणि त्यातलेही बहुतेक फुगवटे लहान असतात. ज्यांच्यासाठी छाती उघडावी लागते असे राक्षसी फुगवटे फारच थोडे. काही तर दोन सेंटिमीटरच्याही पुढे जातात. ज्या धमनीच्या तोंडात पेन्सिलही मावणार नाही, तिला लिंबाएवढी पिशवी लटकते.

आता सौदी अरेबियात जाऊ. या आजाराच्या तीन निरनिराळ्या वाटा त्या एका देशात येऊन मिळतात, म्हणून तिथे जायचं.

पहिली वाट सगळ्या जगाची आहे: धमनीच्या भिंतीत चरबी साठून ती कमकुवत होणं. मधुमेह आणि स्थूलपणा सौदीत मोठ्या प्रमाणात आहे, आणि त्यांच्यामागोमाग हृदयविकार येतो. त्यात हजची भर पडते. जगभरातून लाखो माणसं, त्यात खूपशी उतारवयातली, काही दिवसांत एका शहरात जमतात, उन्हात मैलोन् मैल चालतात. मक्केतल्या किंग अब्दुल्ला मेडिकल सिटीत दर हजच्या हंगामात यात्रेकरूंच्या अँजिओग्राफी होतात, ओपन हार्ट शस्त्रक्रियाही होतात. मुंबईहून आणि नागपूरहून विमानात बसलेल्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनाही तिथे छातीत दुखलं, तर त्यांना तिथलेच डॉक्टर पाहतात. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी कुटुंबांतला कमावता माणूस जेद्दा, रियाध, दम्मामला असतो. त्या घरांना हा देश परका वाटत नाही.

दुसरी वाट बालपणातून येते. टोकियोतले बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली एक मूल पाहिलं: उतरायचं नाव न घेणारा ताप, लालबुंद डोळे, फुटलेले ओठ, अंगावर पुरळ, मानेत गाठ. नेहमीच्या कुठल्याच आजारात ते बसेना. १९६७ साली त्यांनी अशा ५० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातला खरा धोका नंतर कळला. ताप जातो, पुरळ जातं, मूल खेळू लागतं, आणि त्याच आठवड्यांत करोनरी धमन्यांच्या भिंतीतलं लवचीक अस्तर दाहाने झिजून धमन्या फुगत असतात. उपचार न झालेल्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्शात असं होतं. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं, तर हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास उतरतं. वैद्यकात इतक्या साध्या उपायाने इतका फरक पडल्याची उदाहरणं मोजकीच. कावासाकी आजार जपानात सर्वांत जास्त दिसतो, पण तो तिथेच अडकून राहिलेला नाही. सौदीतल्या बालहृदय विभागांना तो चांगला परिचयाचा आहे, आणि मुंबई-पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांनाही.

तिसरी वाट मला सर्वांत विलक्षण वाटते. इस्तंबूलमधले त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी १९३७ साली एका आजाराचं वर्णन केलं: तोंडात आणि गुप्तांगावर पुन्हा पुन्हा येणारे व्रण, डोळ्यांचा दाह, आणि पुढे कळलं त्याप्रमाणे रक्तवाहिन्यांचाही दाह. जगाच्या नकाशावर हा आजार जुन्या रेशीम मार्गाच्या पट्ट्यात, भूमध्य समुद्रापासून जपानपर्यंत, दाट आढळतो. तुर्कस्तानात तो सर्वाधिक. सौदीच्या मधोमध, खजुरांसाठी प्रसिद्ध असलेल्या अल-कसीम प्रांतात त्याची पाहणी झाली तेव्हा दर लाखात सुमारे २० रुग्ण आढळले. त्यातल्या फारच थोड्यांच्या करोनरी धमन्या फुगतात. पण ज्यांच्या फुगतात ते बरेचदा तरुण पुरुष असतात. त्यांच्या धमनीत चरबीचा लवलेश नसतो, तरी भिंत आतून दाहाने पोखरलेली असते.

या आजाराची एक खूण आहे. रुग्णाच्या हातावर निर्जंतुक सुई टोचायची आणि एक-दोन दिवसांनी पाहायचं. निरोगी माणसाच्या हातावर काहीच नसतं. बेहचेतच्या बऱ्याच रुग्णांत त्या जागी लाल गाठ किंवा पुळी उठलेली असते. सुईची जखम शरीराला हल्ला वाटते, आणि शरीर आपल्याच ऊतीवर तुटून पडतं. आता विचार करा, अशा माणसाच्या हृदयधमनीवर सर्जनला टाके घालायचे आहेत, आणि प्रत्येक टाका म्हणजे एक सुई. त्याकडे पुन्हा येऊ.

फुगलेल्या धमनीवर हात कसा घालायचा, हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अँटिलस नावाच्या ग्रीक सर्जनने उत्तर दिलं: फुगवट्याच्या वर एक गाठ, खाली एक गाठ, मग मधली पिशवी चिरून रिकामी करायची. भूल नाही, जंतूंची कल्पना नाही, रक्त फिरतं हेही ठाऊक नाही, अशा काळातली ही गोष्ट. त्याचे ग्रंथ हरवले, पण नंतरच्यांनी त्यातले उतारे जपले, आणि ही विद्या अरबी ग्रंथांतून पुढे आली. दहाव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोब्याजवळ अबुल कासिम अल-झहरावी या थोर सर्जनने आपल्या वैद्यक कोशात अशा फुगवट्यांवर वेगळं प्रकरण लिहिलं. त्यात कुठे चिरायचं हे आहेच, आणि काख, जांघ, मान अशा ठिकाणच्या मोठ्या फुगवट्यांना हात लावू नका, हा इशाराही आहे. त्याच्या पूर्ण नावातलं अन्सारी हे कुळनाम आजच्या सौदीतल्या मदिनेच्या अन्सारांशी नातं सांगतं.

पुढचा टप्पा न्यू ऑर्लिन्सचा. १८८८ साली रुडॉल्फ माटास यांच्याकडे दंडाच्या धमनीला फुगवटा आलेला तरुण आला. त्यांनी वर गाठ मारली, खाली मारली, तरी फुगवटा धडधडतच राहिला. तेव्हा त्यांनी पिशवी उघडली आणि कारण समोर दिसलं: बाजूच्या फांद्या थेट पिशवीतच उघडत होत्या आणि तिथून रक्त आत येत होतं. त्यांनी ती तोंडं आतल्या बाजूने एकेक करून शिवून टाकली. अँटिलसनंतर सतराशे वर्षांनी या शस्त्रक्रियेत खरी भर पडली ती त्या दिवशी. माटास यांच्याच ट्युलेन विद्यापीठात पुढे एक लेबनीज दुकानदाराचा मुलगा शिकला, मायकेल डेबेकी. फुगलेली महाधमनी कापून तिच्या जागी कापडी नळी बसवण्याच्या कामात त्याने इतिहास घडवला, आणि त्यातल्या पहिल्या डॅक्रॉनच्या नळ्या स्वतः शिवणयंत्रावर शिवल्या. १९६४ साली ह्यूस्टनमध्ये त्याच्या पथकाने पायाची शीर वापरून करोनरी बायपासही केला. आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ह्यूस्टनच्या बेलर मेडिकल कॉलेजची, डेबेकीच्या संस्थेची, पथकं रियाधला आली. १९७५ साली सुरू झालेल्या किंग फैसल स्पेशालिस्ट हॉस्पिटलमध्ये हृदयशस्त्रक्रियेचा पाया त्यांनी घातला. अरबी ग्रंथांनी जपलेली कला अशी अटलांटिकच्या पलीकडून वाळवंटात परतली. या साखळीतला प्रत्येक दुवा मला तितकाच मोलाचा वाटतो.

आता टेबलाजवळ उभे राहू.

छातीचं मधलं हाड उभं कापलेलं आहे, हृदयावरचं आवरण उघडलेलं आहे. रक्त हार्ट-लंग मशीनकडे वळवलं जातं, आणि थंड, पोटॅशियमयुक्त द्राव करोनरी धमन्यांत सोडला की हृदय सैल पडून थांबतं. फुगवटा असलेल्या रुग्णात इथेही सावध राहावं लागतं. आत सैल गुठळी असेल तर हृदय हाताळताना तिचा तुकडा पुढे सरकू शकतो, म्हणून पुढची धमनी आधी बंद करून घ्यायची, मग हात लावायचा. फुगवटा उजव्या धमनीत असेल, आणि चरबीमुळे होणारे पुष्कळसे फुगवटे तिथेच असतात, तर तो हृदयाच्या उजव्या बाजूला निळसर-करडा, ताणलेला दिसतो. चिरला की आत चुन्यासारखी कडक भिंत, थरावर थर साठलेली जुनी गुठळी, आणि त्या सगळ्यातून रक्ताने कशीबशी राखलेली चिंचोळी वाट.

इथे माटास यांचा धडा कामाला येतो. पिशवी साफ केली की तिच्या आतल्या भिंतीवर बारीक छिद्रं दिसतात. एक येणाऱ्या धमनीचं, एक जाणाऱ्या धमनीचं, आणि मध्ये एखादी फांदी, जी हृदयाच्या एखाद्या भागाला एकटीच पोसत असते. आंधळेपणाने वर-खाली गाठी मारल्या तर तो भाग उपाशी मरेल. म्हणून सर्जन प्रत्येक छिद्रात बारीक सळई घालून ती कुठे जाते ते पाहतो. निरुपयोगी फांदी शिवून टाकायची, कामाच्या फांदीला नवीन पुरवठा द्यायचा. फुगवटा लहान आणि सुटा असेल तर तेवढा भाग काढून दोन्ही टोकं थेट जोडता येतात, किंवा मध्ये शिरेचा तुकडा बसवता येतो. कधी भिंत दुमडून शिवून नळी पुन्हा अरुंद करतात. पण बहुतेक मोठ्या फुगवट्यांत शेवटी एकच मार्ग उरतो: दोन्ही टोकं बंद करायची आणि पुढच्या निरोगी धमनीला बायपासने रक्त पोचवायचं.

इथे लागणारा धागा पॉलिप्रॉपिलीनचा, ७-० किंवा ८-० मापाचा. ८-० धाग्याची जाडी ०.०५ मिलिमीटरपेक्षाही कमी, म्हणजे केसाहून बारीक. दीड-दोन मिलिमीटरच्या तोंडाभोवती असे दहा-बारा टाके, प्रत्येक टाक्यात धमनीचं आतलं अस्तर आलंच पाहिजे, आणि समोरची भिंत मात्र चुकूनही नाही. चष्म्यावरच्या भिंगातून पाहत, हाताला कंप न येऊ देता, थांबलेल्या हृदयाच्या घड्याळाकडे लक्ष ठेवून हे होतं.

बायपासची नळी कुठून आणायची? छातीच्या हाडाच्या कडेपासून सेंटिमीटरभर बाहेर, बरगड्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना एकेक धमनी उभी उतरते, सुमारे दोन मिलिमीटरची. छातीच्या भिंतीला रक्त पुरवणं हे तिचं मुख्य काम, आणि ते इतर धमन्याही सांभाळू शकतात. या धमनीत चरबी जवळजवळ साठतच नाही. तिचं लवचीक अस्तर सलग असतं, भेगा फार कमी. ती नायट्रिक ऑक्साइड भरपूर तयार करते, त्यामुळे सैल आणि मोकळी राहते. १९६४ साली लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी ती हृदयाला जोडली, तेव्हा फार थोड्यांनी दखल घेतली. आज तिच्याशिवाय बायपासचा विचार होत नाही. हृदयाच्या अगदी जवळ, हात पोचेल अशा अंतरावर, जणू राखीव ठेवलेली ही धमनी! शरीररचनेच्या पुस्तकात हे पान आलं की मी दर वेळी थबकतो.

पण तिची एक अट आहे. तिला काम लागतं. फुगलेल्या धमनीत अडथळा नसेल, रक्त हळू का होईना पुढे जात असेल, आणि तिथेच बायपास जोडला, तर दोन प्रवाह समोरासमोर येतात. जुनी रुंद वाट जिंकते, नव्या धमनीतून रक्त जाणं थांबतं, आणि काही महिन्यांत ती आक्रसून दोऱ्यासारखी होते. म्हणून फुगवट्याच्या आधी गाठ मारणं इतकं महत्त्वाचं. अँटिलसने रक्तस्राव थांबवायला मारलेली ती वरची गाठ आज नव्या धमनीला जगवण्यासाठी मारली जाते.

मुलांच्या बाबतीत तर प्रश्न आणखी अवघड. पाच वर्षांच्या मुलाचं हृदय वाढणार, मग त्याला जोडलेली नळी वाढेल का? जपानमध्ये सोइचिरो कितामुरा यांनी कावासाकीच्या मुलांवर सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून बायपास सुरू केले. आधी पायाची शीर वापरली. ती मुलाबरोबर वाढत नव्हती, काही वर्षांत बंद पडत होती. मग त्यांनी छातीतली धमनी वापरली, आणि ती वाढली, लांबीनेही आणि रुंदीनेही. ११४ मुलांचा त्यांनी केलेला दीर्घ पाठपुरावा २००९ साली प्रसिद्ध झाला. २५ वर्षांनंतर ९५ टक्के हयात होती. २० वर्षांनी छातीतल्या धमनीचे ८७ टक्के बायपास उघडे होते, शिरेचे ४४ टक्के. मुंबईतलं मूल असो की रियाधमधलं, कावासाकीनंतर त्याच्यावर बायपासची वेळ आली, तर कुठली नळी घ्यायची याचं उत्तर या आकड्यांतून येतं.

बेहचेतच्या रुग्णाकडे परत येऊ. त्याच्या बाबतीत चाकूच्या आधी औषध चालतं. तातडी नसेल तर स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊन आधी दाह शांत करतात, रक्ततपासणीत तो उतरला का ते पाहतात, मगच शस्त्रक्रियेची तारीख. अँजिओग्राफीसाठी मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीत सुई घातली तरी तिथे नवा फुगवटा येऊ शकतो, म्हणून शक्य तिथे सीटी स्कॅनवर भागवतात. टाके घालताना धमनीचा सुजलेला भाग टाळून निरोगी भिंत शोधायची, जोडाला हृदयावरणाच्या किंवा फेल्ट या जाड कापडाच्या पट्टीचा आधार द्यायचा, आणि जोड जितके कमी तितकं चांगलं. इतकं करूनही टाक्यांच्या रेषेवर भिंत फाटून पुन्हा पिशवी तयार होण्याचा धोका उरतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही औषधं चालू राहतात आणि संधिवाततज्ज्ञ त्या रुग्णाला सर्जनइतकाच जवळचा होतो.

छाती न उघडता हे होत नाही का? काही फुगवट्यांत होतं. पातळ पडद्याने मढवलेला स्टेंट आत बसवला की रक्त त्याच्या आतून जातं आणि पिशवी प्रवाहाच्या बाहेर राहते. पण फुगवट्यातून महत्त्वाची फांदी निघत असेल तर तो पडदा तिलाही झाकतो, आणि फार मोठ्या फुगवट्यात स्टेंटला टेकायला जागाच मिळत नाही. सर्जनचा हात मात्र आता छिद्रातून आत जाऊ लागला आहे. २०२४ साली रियाधच्या किंग फैसल स्पेशालिस्ट हॉस्पिटलमध्येच डॉ. फिरास खलील यांच्या पथकाने सोळा वर्षांच्या मुलावर संपूर्णपणे रोबोच्या साहाय्याने हृदय प्रत्यारोपण केलं. जगात असं पहिल्यांदाच झालं. छातीतली धमनी भिंतीपासून सोडवून घेण्याचं काम तर रोबो बऱ्याच केंद्रांत करतो.

तंत्र इतकं पुढे गेलं तरी एक निर्णय अजून माणसांनाच बसून घ्यावा लागतो: शस्त्रक्रिया केव्हा करायची? हा आजार इतका विरळ आहे की निम्म्या रुग्णांवर शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना औषध, असा मोठा तुलनात्मक अभ्यास करायला पुरेसे रुग्णच जमत नाहीत. म्हणून हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन, स्कॅन वाचणारे आणि बेहचेत असेल तर संधिवाततज्ज्ञ एका टेबलाशी बसतात आणि एकेका रुग्णाचा विचार करतात. छातीत दुखतं का? स्नायूला रक्त कमी पडतंय का? गुठळी आहे का? गेल्या स्कॅनपेक्षा फुगवटा वाढला का? शेजारच्या कप्प्याला दाबतोय का? आठ वर्षांच्या मुलीच्या डाव्या धमनीत नऊ मिलिमीटरचा फुगवटा आहे, पण पुढे कुठे अरुंदपणा नाही आणि चालण्याच्या चाचणीत हृदय उत्तम आहे, असं ठरलं तर तिची छाती उघडत नाहीत. अ‍ॅस्पिरिन आणि वॉरफरिन सुरू ठेवतात, रक्त किती पातळ आहे ते नियमित तपासायला सांगतात, कबड्डीसारखे धक्क्याचे खेळ टाळायला सांगतात, आणि पुढच्या स्कॅनची तारीख तिच्या आईच्या हातात देतात.